शरणपूरहून रबाईला

१८६४ साली तीन तरुण जोडपी मुंबईहून निघून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाजवळच्या रबाई गावी पोहोचली. पुरुषांची नावं विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड. नावं इंग्रजी, शिक्षण नाशिकचं आणि जन्म आफ्रिकेतला. लहानपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडून ते घरापासून तुटले होते. सुटका झाल्यावर ते भारतात आले, वाढले, शिकले, आणि आता शिक्षक व धर्मसेवक म्हणून आफ्रिकेत परतत होते. केनियातल्या अँग्लिकन चर्चच्या स्थानिक नेतृत्वाची सुरुवात शोधायची तर ती या तिघांपाशी सापडते. नाशिकजवळच्या एका छोट्या वसाहतीत तयार झालेल्या या माणसांनी पुढे मोंबासाच्या परिसरात गावं वसवली, पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला, शाळा चालवल्या. ज्या संस्थेने त्यांना घडवलं, तिचा मात्र त्यांच्यावर पुरता विश्वास कधी बसला नाही.

ही मुलं भारतात आली कशी, हे समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकातल्या हिंदी महासागराकडे पाहावं लागतं. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने आपली गादी मस्कतहून झांझिबारला हलवली होती. झांझिबार आणि पेंबा या बेटांवर लवंगेचे मळे उभे राहिले आणि मळ्यांना माणसं हवी होती. आखातातल्या बंदरांतही गुलामांना गिऱ्हाईक होतं. त्यामुळे न्यासा सरोवराच्या, म्हणजे आजच्या मलावी सरोवराच्या, आसपासच्या मुलखापर्यंत व्यापाऱ्यांचे तांडे पोहोचू लागले. याओ, माकुआ, न्यासा अशा कितीतरी समाजांतली माणसं धरली गेली. त्यात मुलं फार असत. मूल पळून जात नाही, लवकर नवी भाषा शिकतं आणि गलबतात कमी जागा व्यापतं.

ब्रिटिशांनी सुलतानाशी १८२२ मध्ये एक आणि १८४५ मध्ये दुसरा करार करून या व्यापारावर मर्यादा घातल्या. झांझिबारच्या सत्तेतली गुलामगिरी त्या करारांनी थांबली नाही, पण समुद्रमार्गे माणसं बाहेर नेण्यावर बंदी आली आणि ब्रिटिश आरमाराला संशयित गलबतं अडवता येऊ लागली. गलबत पकडलं की माणसं मोकळी होत. पण मोकळ्या झालेल्या दहा वर्षांच्या मुलाला न्यायचं कुठे? त्याचं गाव किनाऱ्यापासून शेकडो मैल आत. बहुधा ते जाळलेलं. आणि वाटेत तोच मुलगा पुन्हा धरला जाण्याची धास्ती. म्हणून या माणसांना एडनला, मुंबईला आणि नंतर सेशेल्स बेटांवर उतरवलं जाई. मुंबईत पोलीस कमिशनरकडे त्यांचा ताबा असे. कोणाला एखाद्या घरी कामाला ठेवलं जाई, कोणाला मिशनऱ्यांच्या शाळेत पाठवलं जाई.

मुंबईला आफ्रिकी माणूस नवा नव्हता. जंजिऱ्याच्या सिद्दींना कोकणपट्टी शतकानुशतकं ओळखत होती, आणि गोदीत व जहाजांवर आफ्रिकी खलाशी काम करत. पण सिद्दींना इथे आपला समाज होता, आपला इतिहास होता. या मुलांपाशी त्यातलं काहीच नव्हतं. बऱ्याच जणांना आईबापांनी ठेवलेलं नावही नीट आठवत नसावं.

त्यांच्यातले बरेच जण नाशिकला पोहोचले. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास नाशिकलगत शरणपूर ही वसाहत उभी केली होती. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांना घराचे आणि जातीचे दरवाजे बंद झाले अशी माणसं आणि अनाथ मुलं तिथे राहत. जगण्यासाठी हाताला काम हवं, म्हणून शाळेला उद्योगशाळा जोडलेली होती. तिथेच सुटका झालेल्या आफ्रिकी मुलामुलींसाठी आश्रम सुरू झाला आणि त्याची जबाबदारी कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग या जर्मन मिशनऱ्याकडे आली.

इझेनबर्ग पूर्वी इथिओपियात होते. तिथे त्यांचा सोबती होता योहान लुडविग क्राफ. हाच क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला उतरला. उतरल्यानंतर काही महिन्यांतच त्याची पत्नी आणि नवजात मुलगी तापाने गेली, तरी तो हटला नाही. १८४६ मध्ये योहानेस रेबमान येऊन मिळाला आणि दोघांनी मोंबासाच्या मागच्या टेकड्यांवर, मिजिकेंडा समाजाच्या रबाई गावात ठाणं मांडलं. हे दोघे आज लोकांच्या लक्षात आहेत ते पर्वतांमुळे. रेबमानने १८४८ मध्ये किलिमांजारोचं बर्फ पाहिलं, क्राफने पुढच्या वर्षी माउंट केनिया पाहिला. युरोपातले काही भूगोलतज्ज्ञ विषुववृत्तापाशी बर्फ असेल यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. पण ज्या कामासाठी ते आले होते, त्याचं फळ फार थोडं होतं. पहिला बाप्तिस्मा म्रिंगे नावाच्या अपंग माणसाचा झाला, तोही मरणाच्या दारात. क्राफ प्रकृतीमुळे परत गेला. रेबमान शब्दकोश करत, भाषांतरं करत एकटा रबाईत राहिला.

रबाईला माणसं हवी होती आणि शरणपूरमध्ये आफ्रिकी तरुण शिकून तयार होत होते. दोन्ही ठिकाणं ओळखणारी माणसं जुनी सोबती असल्यामुळे ही सांगड घातली गेली.

लंडनमधून याला तात्त्विक पाठबळही होतं. सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांचा विचार त्या काळाच्या मानाने फार पुढचा होता. मिशनरी हा तात्पुरता असावा. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि धर्मप्रसारही स्वतःच करावा. ते साधलं की मिशनऱ्याने पुढच्या मुलखाकडे निघावं. पश्चिम आफ्रिकेत याचा मोठा प्रयोग चालू होता. सिएरा लिओनमधल्या फूरा बे कॉलेजात शिकलेले सॅम्युएल अजायी क्राउथर, तेही लहानपणी गुलामगिरीतून सुटलेले, १८६४ मध्ये बिशप झाले. त्याच वर्षी जोन्स, सेमलर आणि डेव्हिड रबाईला पोहोचले, हा योगायोग असला तरी दोन्हींमागचा विचार एकच होता.

शरणपूरमध्ये त्यांना काय मिळालं होतं? बायबल आणि प्रार्थनापुस्तक तर होतंच. इंग्रजी, हिशेब, सुतारकाम, लोहारकाम. आपसांत बोलायला हिंदुस्तानी, कारण याओच्या मुलाला ओरोमोच्या मुलाशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलता येणार? आश्रमातल्या मुलामुलींची एकमेकांशी लग्नं होत आणि नवी कुटुंबं उभी राहत. माझ्या मते या शिक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेली नव्हती. ज्या मुलाला बाजारात किमतीवर मोजलं गेलं होतं, तो आता वाचू शकत होता, करवत चालवून मजुरी मिळवू शकत होता, चार माणसांत उभं राहून प्रार्थना चालवू शकत होता. आपली किंमत आपण ठरवायची, ही जाणीव त्यांना इथे आली. पुढे मिशनऱ्यांना त्यांची हीच जाणीव सर्वांत जास्त खुपली.

रबाईला जोडपी आली, शिकवू लागली. पुढच्या वर्षी मुंबईत एक प्रसिद्ध पाहुणा आला. डेव्हिड लिव्हिंगस्टनने १८६४ मध्ये आपली छोटी आगबोट झांझिबारहून थेट मुंबईला आणली होती. १८६५ मध्ये आफ्रिकेतल्या नव्या मोहिमेची तयारी करायला तो परतला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याकडे तो उतरला, आणि मोहिमेसाठी शरणपूरमधून त्याने नऊ तरुण निवडले. चुमा आणि वेकतानी या दोन मुलांना त्याने आदल्या वर्षी मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं, तेही बरोबर निघाले.

लिव्हिंगस्टनने आपल्या लेखनात या नाशिकच्या मुलांबद्दल बऱ्याच तक्रारी केल्या आहेत. ती आळशी आहेत, ओझं उचलायला नाखूष आहेत. त्यातले काही वाटेत सोडूनही गेले. तक्रारीला अर्थ असेल, पण दुसरी बाजूही पाहायला हवी. सुताराचं किंवा शिक्षकाचं काम शिकलेल्या तरुणाला हमालाच्या रांगेत उभं केलं तर तो कुरकुरणारच.

लिव्हिंगस्टनचा शेवटचा प्रवास पार पाडणाऱ्यांत मात्र याच शरणपूरची माणसं होती. १८७२ मध्ये त्याच्या मदतीला झांझिबारहून जी तुकडी गेली, तिच्यात जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे शरणपूरचे तरुण होते. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी वारला. त्याचे जुने सोबती सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथे एका झाडाखाली पुरलं. वेनराइटने दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. देह वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून त्यांनी अनेक महिने चालत किनाऱ्यावर, बागामोयोला आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट हा एकमेव आफ्रिकी होता.

त्या अंत्ययात्रेने इंग्लंडमध्ये मोठी लाट उठली. लोकांनी पैसे दिले, सभा घेतल्या, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मत तापलं. पण ती लाट येण्याआधीच एक निर्णय झाला होता. सर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये ब्रिटिश सरकारचे खास दूत म्हणून झांझिबारला गेले. मुंबईच्या गव्हर्नरपदाच्या काळापासून त्यांना शरणपूरच्या आश्रमाची माहिती होती. गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या करारावर झांझिबारचा सुलतान बर्गाश याने त्यांच्यासमोर सही केली नाही. ते परतल्यावर ब्रिटिश कॉन्सल जॉन कर्क यांनी नाकेबंदीची धमकी दिली आणि ५ जून १८७३ रोजी करार झाला. समुद्रमार्गे गुलामांची सगळी ने-आण बंद झाली, झांझिबारचा उघडा बाजार बंद झाला. आता आरमार जी माणसं सोडवेल, त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसवायचं आणि त्यांना सांभाळायला नाशिकची शिकलेली माणसं आणायची, अशी फ्रिअर यांची शिफारस होती.

हे काम शरणपूरचे संस्थापक प्राइस यांच्याकडेच आलं. ते १८७४ च्या अखेरीस मोंबासाला पोहोचले. मोंबासा हे बेट आहे. त्याच्या समोर, खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर त्यांनी जमीन घेतली आणि वसाहतीला फ्रिअर टाउन हे नाव दिलं. शरणपूरमधून आणि मुंबईतून सुमारे दीडशे माणसं आली. किनाऱ्यावर त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हटलं जाऊ लागलं. रेबमान तेव्हा जवळजवळ आंधळा झाला होता. आयझॅक न्योंडो हा रबाईचा ख्रिस्ती तरुण त्याचा हात धरून त्याला युरोपात घेऊन गेला आणि १८७६ मध्ये रेबमान तिथेच वारला.

फ्रिअर टाउनचा रोजचा व्यवहार सांगण्याजोगा आहे. १८७५ पासून आरमाराची जहाजं सोडवलेल्या माणसांच्या खेपा तिथे उतरवू लागली. आजारी, भुकेलेली, कोणत्याही एका भाषेत न बोलणारी ही माणसं. त्यांच्याशी पहिलं बोलणं होई ते बाँबे आफ्रिकनांचं. याओ बोलणारा भेटला तर याओत, नाहीतर स्वाहिलीत. बांधकाम, सुतारकी, शाळा, दवाखान्यातली मदत, रविवारची उपासना या सगळ्यांत त्यांचा हात असे. प्रत्येक कुटुंबाला झोपडी आणि शांबा, म्हणजे शेताचा तुकडा, मिळे. मका, कसावा आणि नारळ ही पिकं. वसाहतीत एक घंटा होती. उपासनेच्या वेळी ती वाजे आणि हल्ल्याचा इशारा द्यायलाही. मोंबासाच्या त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे स्वाहिलीत घंटा.

वसाहतीचं दुबळेपण तिच्या बांधणीतच होतं. जमीन मिशनची, नियम मिशनचे, मजुरी मिशनची. मिशनचा माणूस तिथला न्यायाधीशही होता आणि पोलीसही. १८८० च्या आसपास जे. आर. स्ट्रीटर हा धर्मदीक्षा नसलेला अधिकारी कारभार पाहत होता. त्याच्या हाताखाली लोकांना फटके मारणं, कोठडीत डांबणं हे प्रकार चालत. तक्रारी बाहेर गेल्या, चौकशी झाली. सोसायटीला प्राइस यांना दुसऱ्यांदा मोंबासाला पाठवावं लागलं आणि स्ट्रीटरला जावं लागलं. जी माणसं चाबकाखालून सुटून आली होती, त्यांना मिशनच्या आवारात चाबूक खावा लागला, हे वाचताना आजही संताप येतो. त्या अन्यायाला वाचा फुटली याचं मोठं श्रेय वाचता-लिहिता येणाऱ्या आणि मान खाली न घालणाऱ्या बाँबे आफ्रिकनांना आहे.

फ्रिअर टाउन समुद्रावर, मिशनच्या डोळ्यांसमोर होतं. रबाई आत होतं आणि तिथे बराच काळ आफ्रिकी माणसंच कारभार पाहत होती. माझ्या मते या इतिहासाचं खरं मर्म रबाईत आहे.

किनाऱ्यावर गुलामगिरी अजून कायदेशीर होती. व्यापार बंद झाला तरी मळ्यांवरचे गुलाम मालकाचेच होते. ते पळत. स्वाहिलीत पळून आलेल्यांना वाटोरो म्हणत. अशी माणसं रबाईच्या वाटेला लागली. अधिकृत धोरण असं होतं की मिशनने पळपुट्यांना आसरा देऊ नये. मालक चिडले तर मिशनवर हल्ला होईल, सुलतानाशी संबंध बिघडतील. १८८० मध्ये मोंबासातून खरोखरच हल्ल्याची धमकी आली होती. पण जोन्स काय किंवा डेव्हिड काय, ते स्वतः पकडले गेलेले होते. दाराशी आलेल्या माणसाला ते परत कसे पाठवणार? त्यांनी जागा दिली, शेत दिलं, नाव विचारलं नाही. लोक येत राहिले, झोपड्या वाढत राहिल्या, आणि रबाई हे छोटं मिशन ठाणं न राहता मोठं शेतकरी गाव बनलं.

या गावाची हवा आणखी आत पसरली. गिरियामा समाजातला अबे न्गोआ याने रबाईच्या ख्रिस्ती लोकांकडून बायबलची ओळख करून घेतली आणि आपल्या मुलखात शिकवण चालवली. जॉर्ज डेव्हिड त्यांच्याकडे जाऊन येऊन त्यांना शिकवत असे. त्यातूनच फुलाडोयो इथे गिरियामा ख्रिस्ती आणि पळून आलेले गुलाम यांची स्वतंत्र वस्ती उभी राहिली. तिथे एकही युरोपीय मिशनरी राहत नव्हता. त्यांचा पुढारी डेव्हिड कोई हा गिरियामा होता. १८८३ मध्ये मालकांच्या माणसांनी त्याला ठार केलं. केनियातला पहिला ख्रिस्ती हुतात्मा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. व्हेन यांनी कागदावर मांडलेली कल्पना, स्वतःचा भार स्वतः वाहणारी मंडळी, या जंगलातल्या वस्तीने कोणाच्याही योजनेशिवाय प्रत्यक्षात आणली होती. पुढच्या वर्षी जॉर्ज डेव्हिड वारला आणि त्याच सुमारास किनाऱ्यावर दुष्काळ पडला.

अशा वेळी, १८८५ च्या जानेवारीत, पूर्व विषुववृत्तीय आफ्रिकेचे पहिले बिशप जेम्स हॅनिंग्टन मोंबासाला पोहोचले. माणूस उत्साही, मोकळा, घाईचा. त्यांनी लवकर पाहिलं की इथलं काम जोन्स आणि सेमलर यांच्या खांद्यावर उभं आहे. त्याच वर्षी त्यांनी दोघांना डीकन म्हणून, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. पूर्व आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर सोसायटीच्या चर्चमधल्या आफ्रिकी पाळकांची परंपरा इथून सुरू झाली. रबाईला पोहोचल्यापासून एकवीस वर्षं झाली होती.

जुलैमध्ये हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले, जोन्सला बरोबर घेऊन. प्रवासी जोसेफ थॉमसनने नुकताच मासाई प्रदेशातून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा थेट रस्ता शोधला होता. तो जवळचा आणि थंड हवेचा, म्हणून बिशपनी तोच निवडला. युगांडातल्या बुगांडा राज्याच्या राजाच्या दृष्टीने मात्र पूर्वेकडून, बुसोगाच्या बाजूने येणारा परका हा राज्य घ्यायला आलेला शत्रू होता. ही भीती तिथल्या मिशनऱ्यांना माहीत होती, पण त्यांचा इशारा बिशपपर्यंत पोहोचला नाही. ऑक्टोबरमध्ये हॅनिंग्टन यांनी काफिल्याचा मोठा भाग, सुमारे दीडशे माणसं, जोन्सच्या हवाली करून क्वा सुंडू इथे, आजच्या मुमियासला, ठेवली आणि पन्नास माणसं घेऊन ते पुढे गेले. २९ ऑक्टोबर १८८५ रोजी राजा म्वांगाच्या हुकमावरून बुसोगात त्यांना मारण्यात आलं. बरोबरचे जवळजवळ सगळे मारले गेले.

जोन्सकडे बातमी आली ती वाचून परतलेल्या चौघांकडून. परक्या मुलखात, बिशपविना, दीडशे हमालांची जबाबदारी एका नव्या डीकनवर आली. खरं-खोटं कळेपर्यंत आणि आणखी कोणी सुटून येतं का हे पाहत तो महिनाभर तिथेच थांबला. मग सगळ्यांना घेऊन त्याने परतीची वाट धरली. १८८६ च्या फेब्रुवारीत काफिला रबाईला पोहोचला, तेव्हा पुढच्या निळ्या निशाणावर पांढऱ्या अक्षरांत ‘इखाबोद’ लिहिलेलं होतं, म्हणजे वैभव गेलं, हा जुन्या करारातला शब्द. इंग्लंडमध्ये हॅनिंग्टन हुतात्मा म्हणून घरोघरी पोहोचले. काफिला सुखरूप परत आणणाऱ्या जोन्सचं नाव त्या मानाने फार कमी लोकांना कळलं.

रबाईचा प्रश्न १८८८ मध्ये निकराला आला. त्या वर्षी इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी मोंबासात कारभार घ्यायला आली. दक्षिणेकडे जर्मनांविरुद्ध अबुशिरीचा उठाव पेटला होता आणि किनारा अस्वस्थ होता. नेमक्या याच वेळी मोंबासाच्या अरब मालकांनी आपले पळालेले गुलाम परत मागितले. रबाईत आणि आसपासच्या मिशन वस्त्यांत त्यांची संख्या शेकड्यांनी निघाली. प्राइस तेव्हा तिसऱ्यांदा मोंबासाला आले होते, आणि एवढी माणसं कधी, कशी आली याचा त्यांना व सोसायटीला धक्का बसला. मला यात धक्का बसण्यासारखं काही दिसत नाही. बराच काळ जे गाव आफ्रिकी माणसांनी चालवलं, तिथे आसरा मागणाऱ्यांना आसरा मिळाला, एवढंच झालं होतं.

कंपनीचे प्रशासक जॉर्ज मॅकेंझी व्यवहारी होते. बळाने माणसं परत द्यावीत तर इंग्लंडमध्ये गदारोळ होणार आणि न द्यावीत तर मोंबासात दंगा. त्यांनी मालकांना मोबदला देऊन प्रश्न सोडवला. १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत सुमारे १,४०० माणसांना मुक्ततेचे दाखले वाटले गेले. हा खर्च कंपनी, सरकार आणि मिशन यांनी मिळून उचलला. त्या दिवसाचा गौरव पुढे कंपनीच्या पदरात पडला. पण दाखल्यांवर लिहायला नावं होती, ती अनेक वर्षं लपून-छपून या लोकांना वसवणाऱ्या रबाईच्या मंडळीमुळे.

यानंतर बाँबे आफ्रिकनांचं मिशनमधलं स्थान उंचावेल अशी अपेक्षा कोणीही केली असती. झालं उलटं. इंग्लंडहून आता विद्यापीठात शिकलेले, कडक नीतीचे तरुण मिशनरी येऊ लागले. सुशिक्षित, पगाराची मागणी करणारा, इंग्रजीत पत्र लिहून तक्रार करणारा आफ्रिकी सहकारी त्यांना उद्धट वाटे. व्हेन १८७३ मध्ये वारले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचा विचारही मागे पडला होता. नायजर नदीवर म्हाताऱ्या बिशप क्राउथर यांना १८९० मध्ये तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी अपमानित केलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. मोंबासात तेच वारं वाहत होतं. जोन्स आणि सेमलर यांना डीकनचे पूर्ण पाळक व्हायला आणखी दहाएक वर्षं लागली, आणि वेतनात व मानात गोऱ्या मिशनऱ्यांशी बरोबरी कधीच झाली नाही. नव्या पिढीतले हुशार तरुण कंपनीत, सरकारी कचेऱ्यांत, आणि १८९६ मध्ये मोंबासाहून रेल्वेचं काम सुरू झाल्यावर रेल्वेत गेले.

मर्यादा त्यांच्या बाजूनेही होत्या आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. पोशाख, नावं, घरातली भाषा, सगळ्यांत ते आसपासच्या मिजिकेंडा लोकांपासून वेगळे होते आणि हे वेगळेपण त्यांना प्रतिष्ठेचं वाटे. स्थानिकांच्या नजरेत ते समुद्रापलीकडून आलेले परके होते. त्यामुळे त्यांची मंडळी मुख्यतः स्वतःसारख्या, मूळ तुटलेल्या माणसांची राहिली. अबे न्गोआ किंवा डेव्हिड कोईसारखी स्थानिक माणसं पुढे आली तेव्हाच ती भिंत ओलांडली गेली. पुढे केनियात ख्रिस्ती धर्म झपाट्याने पसरला तो किनाऱ्यावर कमी आणि मध्य व पश्चिम भागात, गावोगावच्या शाळांमधून जास्त. मोंबासाच्या किनारपट्टीवर कायद्याने गुलामगिरी संपली ती थेट १९०७ मध्ये. तोवर फ्रिअर टाउनची मुलं शिकून कारकून, शिक्षक, दुभाषे झाली होती. त्यांच्यातल्याच जेम्स म्बोटेला या शिक्षकाने १९३४ मध्ये ‘उहुरु वा वाटुम्वा’ हे गुलामांच्या सुटकेचं पुस्तक स्वाहिलीत लिहिलं. मॅथ्यू वेलिंग्टन, लिव्हिंगस्टनचा देह वाहून आणणाऱ्यांपैकी एक, पुढच्याच वर्षी मोंबासात वारला.

पाळक घडवण्याचं काम मात्र थांबलं नाही. १९०३ मध्ये फ्रिअर टाउनमध्ये धर्मशिक्षणाची शाळा रीतसर सुरू झाली. १९३० मध्ये ती उंचावरच्या लिमुरूला, नैरोबीजवळ गेली. पुढे प्रेस्बिटेरियन आणि मेथॉडिस्ट मंडळ्याही तिच्यात सामील झाल्या आणि २००७ मध्ये तिचं सेंट पॉल्स विद्यापीठ झालं. लिमुरूत शिकलेल्यांपैकी फेस्टो ओलांग आणि ओबादिया कारियुकी या दोघांना १९५५ मध्ये, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माउ माउ लढ्याच्या धामधुमीत, कँटरबरीच्या आर्चबिशपनी कंपालामध्ये बिशपपदाची दीक्षा दिली. केनियाचे ते पहिले आफ्रिकी अँग्लिकन बिशप. जोन्स आणि सेमलर डीकन झाले त्याला तेव्हा सत्तर वर्षं झाली होती. स्वातंत्र्यानंतर, १९७० मध्ये, फेस्टो ओलांग केनियाच्या स्वतंत्र अँग्लिकन प्रांताचे पहिले आर्चबिशप झाले.